नऊ कीटन आणि दोन म्हाताऱ्यांची एक टाळी: ‘द प्लेहाउस’ पुन्हा कसा पाहावा

मागच्या दिवाळीत भाचीला ‘द प्लेहाउस’ हा जुना मूकपट दाखवायला बसवलं. पाचेक मिनिटं झाली आणि ती म्हणाली, “मावशी, हे तर मोबाइलवर होतं.”

तिचं बरोबर होतं. अमेरिकन विनोदी नट आणि दिग्दर्शक बस्टर कीटनने १९२१ साली एका रंगमंचावर स्वतःला नऊ वेळा उभं केलं. पडद्यावर वादकही तोच, प्रेक्षकही तोच, पडदा ओढणाराही तोच. आज शाळेतली पोरंसुद्धा फोनवर स्वतःचे चार तुकडे जोडून नाचतात. मग जेमतेम तेवीस मिनिटांच्या या मूकपटाचं आता काय करायचं? युक्ती स्वस्त झाल्यावर चित्रपटात काय उरतं, हे तपासायचं असेल तर कसं पाहावं, ते सांगते. मी समीक्षक नाही. साताऱ्यात अण्णांचा फोटो स्टुडिओ होता आणि मी तिथे वीसेक वर्षं निगेटिव्हवर पेन्सिलीने रिटचिंग केलं. त्यामुळे या चित्रपटाकडे जाण्याची माझी वाट कारागिराची आहे. तीच पुढे देते.

आधी प्रतीबद्दल. हा चित्रपट सहज मिळतो, पण हाती लागेल ती प्रत लावू नका. जुन्या प्रतींच्या प्रतींमध्ये चेहरे पिठासारखे पांढरे होतात आणि मागचा पडदा काळ्यात बुडतो. इथे तर सगळा खेळ चेहऱ्यांचा आहे. दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत शोधा. मग वेग पाहा. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे मूकपटांना एक ठरलेला वेग नव्हता. सुरुवातीच्या भागात दोन कीटन शेजारी शेजारी नाचतात, तो नाच कसोटीला घ्या. पावलं टिकटिक करत तुटक पडत असतील तर प्लेअरचा वेग पाऊण करून बघा. पाय जमिनीवर टेकल्यासारखे दिसले की वेग जमला. आणि आवाज बंद. मागे जोडलेलं संगीत नंतर कुणीतरी बसवलेलं असतं आणि ते आपल्याला ‘आता हसा’ म्हणून कोपर मारत राहतं. पहिल्या दोन वेळा तरी ते नको.

पहिल्यांदा सलग पाहा, मध्ये थांबू नका. जवळ कागद ठेवा आणि जिथे खरंच हसू आलं तिथली वेळ तेवढी लिहा. कौतुक वाटलं ती जागा लिहायची नाही, हसू आलं तीच. या दोन याद्यांची गल्लत झाली की अशा चित्रपटाचा हिशेब चुकतो. माझा कितीतरी वर्षं चुकला. ऐंशीच्या दशकात पुण्यात एका फिल्म सोसायटीत मी हा पहिल्यांदा पाहिला आणि वहीत लिहिलं: ‘पहिली सहा मिनिटं अद्भुत, पुढे नेहमीची पळापळ.’ हे मत मी जवळजवळ तीस वर्षं लोकांना ऐकवत आले.

दुसऱ्यांदा पाहण्याआधी एक काम करायचं आहे, आणि या सगळ्यातलं तेच महत्त्वाचं: ती युक्ती स्वतः करून बघायची.

आमच्या स्टुडिओत याला नुसतं ‘डबल’ म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं आणि तेच गिऱ्हाईक शेजारी उभं राहून स्वतःला चहा देतंय, असा फोटो. शोकेसमध्ये एक कायम लावलेला असायचा आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातून आलेली माणसं त्याच्यापुढे थांबायची. अण्णांची रीत साधी होती. लाकडी फील्ड कॅमेरा घट्ट बसवायचा. लेन्सच्या पुढे पुठ्ठ्याचं हूड लावायचं आणि त्यात अर्धी बाजू झाकणारा काळा कार्ड सरकवायचा. माणूस उजवीकडे बसवून एक एक्स्पोजर. मग कॅमेऱ्याला बोटसुद्धा न लावता कार्ड दुसऱ्या बाजूला, माणूस डावीकडे, त्याच फिल्मवर दुसरं एक्स्पोजर. नवा मुलगा कामाला लागला की हमखास एक चूक करायचा: दोनदा घ्यायचंय म्हणून प्रकाश निम्मा द्यायचा. फोटो काळपट यायचा. फिल्मच्या प्रत्येक अर्ध्या भागावर उजेड एकदाच पडतो, तेव्हा दोन्ही वेळा पूर्ण एक्स्पोजर द्यायला हवं.

अडचण असते मधल्या रेघेची. कार्ड जरा जास्त झाकलं गेलं तर मधली चिंचोळी पट्टी दोन्ही वेळा अंधारात राहते आणि प्रिंटवर काळी रेघ येते. कमी झाकलं तर त्याच पट्टीवर उजेड दोनदा पडतो आणि पांढुरका पट्टा उमटतो. कार्ड लेन्सच्या जवळ असेल तर त्याची कड विरघळल्यासारखी मऊ येते, लांब असेल तर करकरीत. मऊ कडा एकमेकींत मिसळल्या की जोड दिसत नाही, पण त्या पट्टीत हात गेला तर हात भुतासारखा आरपार दिसतो. माझ्या हातून असा एक फोटो गेला होता. नवऱ्या मुलाचा कोपर मधोमध विरला होता आणि तो भरून काढायला मी पेन्सिल घेऊन एक अख्खी दुपार बसले. तरी तो कोपर मला आजही खोटाच वाटतो.

हे झालं दोन माणसांचं, तेही स्थिर फोटोत. कीटनने हलत्या चित्रात नऊ केले. त्याच्या कॅमेऱ्यावर प्रकाश न शिरणारी एक पेटी बसवली होती आणि तिला उभ्या झडपा होत्या. एक झडप उघडायची, त्या पट्टीतला कीटन आपलं काम करणार. मग झडप बंद, फिल्म मागे गुंडाळायची, पुढची झडप उघडायची. नऊ जणांसाठी फिल्म आठ वेळा मागे न्यायची. शेवटच्या पट्टीत एक चूक झाली तर आधीच्या आठही वाया.

आणि कॅमेरा हाताने फिरवायचा. हा भाग वाचून कळत नाही, हाताला कळावा लागतो. त्या काळच्या कॅमेऱ्यात दांड्याच्या एका फेऱ्यात साधारण आठ चौकटी, म्हणजे फिल्मवरची आठ चित्रं, जात. सेकंदाला सोळा चौकटी हव्या असतील तर दोन फेरे. घरात जुनं हातमशीन असेल तर सुई काढून ठेवा, मिनिट लावा आणि घड्याळाकडे न बघता सेकंदाला दोन फेरे घालत राहा. दुसऱ्या कुणाला मोजायला सांगा. एकशेवीस यायला हवेत. माझे पहिल्यांदा एकशे एकतीस आले, दुसऱ्यांदा एकशे बारा. कीटनचा छायाचित्रकार एल्जिन लेसली हे नऊ वेळा करत होता, मागे नेतानाही तितक्याच वेगाने. सगळ्यात अवघड काम लेसलीचं होतं, असं कीटनने पुढे स्वतः सांगितलं आणि त्याला माणसाच्या रूपातला मेट्रोनोम, म्हणजे ठरलेला ताल देणारं यंत्र, म्हटलं. कीटनने स्वतः ताल धरण्यासाठी बँजोवर गत वाजवून घेतली आणि एकेक हालचाल पाठ केली.

भाचीला मी हेच करायला लावलं, लेझीमवर. फोन स्टँडवर ठेवला, फोकस आणि प्रकाश लॉक केला, खिडकीचे पडदे ओढले. हे विसरू नका: ढग आला की दोन तुकड्यांचे रंग जुळत नाहीत आणि जोड उघडा पडतो. फरशीवर मधोमध चिकटपट्टी लावली आणि हलगीची एक गत फोनमधून वाजवत ठेवली. ती आधी डाव्या बाजूला खेळली, मग उजव्या. दोन्ही क्लिप ॲपमध्ये शेजारी शेजारी लावल्या. पहिल्या वेळी उजवीकडची अर्धा ठोका मागे राहिली आणि गंमत अशी की ती दुसरी मुलगीच वाटायला लागली, जरा आळशी, शेजारणीकडे बघून पाय टाकणारी. पाचव्या वेळी जुळलं. तोवर ‘मोबाइलवर होतं’ हे वाक्य तिच्या तोंडून गेलं होतं. आम्हाला वेग फोनने आयता दिला होता. लेसलीला तो मनगटातून काढावा लागला.

आता दुसऱ्यांदा पाहा. या वेळी थांबवत थांबवत, आणि फक्त सुरुवातीचा भाग. कॅमेरा तसूभरही हलत नाही, हे पहिलं टिपा. मग प्रत्येक चौकटीत उभी रेघ कुठे असेल त्याचा अंदाज करा. दोन खुर्च्यांच्या मध्ये? दोन वादकांच्या मधल्या फटीत? कोण कुणाच्या पट्टीत हात घालायचं टाळतंय? एकदा रेघ कुठे आहे हे कळलं की दिग्दर्शन दिसू लागतं, कारण मधे हात नेता येत नसेल तर दोन माणसांतलं नातं नजरेने आणि मानेनेच दाखवावं लागतं. थिएटरच्या बॉक्समध्ये बसलेली जोडपी पाहा. पुरुष कीटन, बाईही कीटन. बाईची मान, तिचा पंखा, नवऱ्याकडे न बघता त्याचं ऐकून घेणं. वरच्या बॉक्समधल्या मुलाच्या हातून चोखायची काडीवरची गोळी खाली बसलेल्या बाईच्या मांडीवर पडते आणि ती आपला हातात धरायचा दांडीचा चष्मा समजून तीच डोळ्याला लावते. हा विनोद दोन वेगवेगळ्या नटांनी केला असता तरी चालला असता. तरीही तो जास्त हसवतो, कारण त्या बाईच्या शिष्टपणात कीटनचा पोरकटपणा मुरलेला आहे, आणि पोरात बाईचा.

माझं ठाम मत असं झालं आहे की या चित्रपटातलं सगळ्यात प्रसिद्ध दृश्य, ते नऊ जणांचं, हे त्यातलं सगळ्यात कमी मोलाचं आहे. याला दोन कारणं आहेत आणि दुसरं जड आहे.

पहिलं कारागिरीचं. नऊ जण म्हणजे प्रत्येकाला अरुंद पट्टी. त्यात कुणाला जागाच नाही, त्यामुळे सगळे एकसारखेच वागतात. आकडा वाढला आणि माणूस आटला. दोघांच्या नाचात मात्र प्रत्येक पाऊल दिसतं.

दुसरं कारण असं की ते नऊही जण चेहरे काळे रंगवून बसलेले आहेत. ‘मिन्स्ट्रेल’ हा अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून चाललेला खेळ होता. गोरे नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून काळ्या लोकांची नक्कल करत, त्यांना मूर्ख आणि आळशी दाखवून हसवत. गुलामगिरी असतानाही हा खेळ चालू होता आणि ती संपल्यावरही चालू राहिला. पहिल्या वेळी पुण्यात पाहताना मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, मला फक्त नऊचा आकडा दिसला. आज हे दृश्य दाखवायचं असेल तर आधी हे सांगून दाखवा. ‘त्या काळी चालायचं’ एवढं म्हणून पुढे जाऊ नका. चालायचं कुणाला, हा प्रश्न उरतोच. मी भाचीला दृश्याच्या आधी थांबवून सांगितलं. ती दृश्यभर हसली नाही आणि मला ते योग्य वाटलं. दृश्य कापून टाकावं असं मात्र मला वाटत नाही. कापलं तर आपण या माणसाला आहे त्याहून स्वच्छ दाखवू.

इथे थोडं मागचं सांगते, पुढे उपयोगी पडेल. कीटनचा जन्म १८९५चा आणि आईवडिलांबरोबर तो लहानपणापासून व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर होता. व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणं, कसरत, माकडाचा खेळ, नाच असं सगळं. ‘द प्लेहाउस’मधलं थिएटर म्हणजे त्याचं बालपणीचं घरच. १९२१च्या सुरुवातीला दुसऱ्या एका चित्रपटाच्या वेळी सरकत्या जिन्यावर त्याचा घोटा मोडला. पडण्या-उडण्याचं काम काही काळ बंद. तेव्हा शरीर कमी लावून काय करता येईल, या विचारातून हा चित्रपट आला. कार्यक्रमपत्रिकेत सगळीकडे आपलंच नाव छापलेलं, आणि बॉक्समधला कीटन बायकोला म्हणतो, हा कीटन म्हणजे सगळा खेळच दिसतोय. हा चिमटा निर्माता थॉमस इन्स याला होता, कारण तो आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत स्वतःचं नाव पुन्हा पुन्हा घालत असे. कीटन नंतर म्हणाला होता की अख्खा चित्रपट मी एकट्याने करू शकलो असतो, पण मग तो मिरवल्यासारखा दिसला असता, म्हणून आम्ही बिचकलो.

दुहेरी भूमिकेचं वेड काही तिकडचंच नव्हतं. दादासाहेब फाळक्यांच्या १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले होते आणि सीताही तेच. फाळक्यांनीही आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवला होता. हे मला फार जवळचं वाटतं. अंधाऱ्या खोलीत निगेटिव्ह उजेडाकडे धरून बसणाऱ्याला कधीतरी वाटतंच की एका माणसाची दोन माणसं करावीत.

आता तिसरं पाहणं, आणि माझं जुनं मत इथेच मोडलं. या वेळी पहिली सहा मिनिटं सोडून द्या. कीटन पलंगावर झोपलाय आणि जो रॉबर्ट्स, तो अजस्र माणूस, त्याला उठवून बाहेर काढतोय, इथून सुरू करा. संगीत अजून बंदच. बघताना एकच शोधायचं: कुठे एकाचे दोन होतात, आणि कुठे दोनाचा एक.

पहिल्याच मिनिटात सापडेल. घरातून हाकललं जातंय असं वाटतं, सामान उचललं जातं आणि मग भिंतीच नेल्या जातात. ती खोली म्हणजे नाटकाचा सेट होता आणि कीटन तिथला कामगार. एका जागेच्या दोन जागा झाल्या, झडप न लावता. मग जुळ्या बहिणी येतात. एकीला तो आवडतो, दुसरीला नाही, आणि कुठली कोण ते त्याला कळत नाही. त्यात आरसे आले की त्याचा गोंधळ आणखी वाढतो. माकडाला कपडे चढव म्हणून सांगितलं जातं, माकड निसटतं, आणि हा स्वतः माकड होऊन रंगमंचावर जातो. या तुकड्यावर जरूर थांबा. घोटा दुखावलेला नट वाकून, हात लोंबकळत ठेवून, खांदे सैल सोडून चालतो. यात कॅमेऱ्याची काडीचीही मदत नाही. नऊ कीटनांपेक्षा हे एक माकड मला मोठं वाटतं. झुआव्ह, म्हणजे फ्रेंच सैन्यातल्या भडक गणवेशाच्या शिपायांच्या कवायतीचा खेळ मोडायला येतो तेव्हा तो रस्ता खणणारे मजूर पकडून आणतो आणि त्यांनाच गणवेश चढवतो. पुन्हा तेच, एकाच्या कपड्यात दुसरा.

आणि प्रेक्षकांत शेजारी शेजारी बसलेले दोन म्हातारे. एकाला डावा हात नाही, एकाला उजवा. खेळ आवडला की दोघं आपला उरलेला एकेक हात जुळवून टाळी वाजवतात. पण एकाला आवडलं आणि दुसऱ्याला नाही, तर टाळी होतच नाही.

पुण्यात पाहताना ते म्हातारे मी नक्की पाहिले असणार, पण वहीत त्यांच्याबद्दल शब्द नाही. आता वाटतं, सगळा चित्रपट त्यांच्यापाशी आहे. सुरुवातीला एक माणूस कॅमेऱ्याच्या जोरावर नऊ होतो आणि त्याला कुणाचीच गरज उरत नाही. पुढे दोन अर्धी माणसं एकत्र आल्याशिवाय एक साधी टाळी वाजत नाही. म्हणजे युक्ती सहाव्या मिनिटाला संपलेली नाही. तिने पेटी आणि झडपा मागे ठेवल्या आणि ती खोलीत, जुळ्यांत, माकडाच्या कपड्यांत, दोन लोकांच्या हातांत शिरली. मी ज्याला ‘नेहमीची पळापळ’ म्हटलं होतं तिथे कीटन तोच विचार जास्त कठीण साधनांनी करतोय.

सगळंच तितकं नेमकं उतरलेलं नाही, हेही तुमच्या कागदावर यायला हवं. मजुरांची कवायत लांबते. पाण्याच्या काचेच्या टाकीत बहीण अडकते तेव्हा कीटन आधी कपाने पाणी उपसायला जातो, हे सुंदर. मग हातोड्याने काच फोडतो आणि थिएटरभर पूर येतो. वाद्यवृंदातल्या ढोलात बसून वल्हं मारत जाणारा कीटन बघायला मजा येते, पण या पुराचा दुहेरीपणाशी फारसा संबंध मला लागलेला नाही. शेवट मात्र पुन्हा मूळ वाटेवर येतो. घाईत चुकीच्या बहिणीला लग्न लावायला घेऊन जातो, परत येतो, बरोबर असलेलीला उचलतो आणि पुन्हा चूक नको म्हणून तिच्या मानेवर रंगाने फुली मारतो.

आता तुमचा पहिला कागद काढा, जिथे फक्त हसू आलेल्या वेळा लिहिल्या होत्या. त्यातल्या किती जागा झडपांच्या भागातल्या आणि किती नंतरच्या, ते मोजा. भाचीच्या कागदावर अकरा वेळा होत्या. दोन सुरुवातीच्या, त्यातली एक चष्म्याची. नऊ नंतरच्या, आणि त्यात म्हातारे दोनदा. तुमचा हिशेब वेगळा येईल, आला तर तोच धरा. पण मत लिहाल ते या कागदावरून लिहा; ‘अबब, एकाच फिल्मवर नऊ वेळा’ या आठवणीवरून लिहू नका.

चौथ्यांदा संगीत लावून पाहिलं तरी चालेल. आम्ही लावलं होतं, भाचीची आईही येऊन बसली. म्हाताऱ्यांची टाळी झाली तेव्हा भाचीने आपला डावा हात माझ्यापुढे धरला. मी माझा उजवा त्यावर मारला.